बदकं उशिरा का येतात? शिकारीचा हंगाम, हिमरेषा आणि ठाण्याची खाडी

नोव्हेंबर लागला की ऐरोली, भांडुप आणि सीवूड्सच्या पाणथळींवर दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: थापट्या आणि तलवार बदकं अजून कशी आली नाहीत? हाच प्रश्न अमेरिकेत बंदूक घेऊन दलदलीत बसलेल्या शिकाऱ्यालाही पडतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करण्याची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. ते योग्यच झालं. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ च्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले होते. तरीही परदेशातल्या शिकारीच्या तारखा का चुकू लागल्या, हे आपण समजून घ्यायला हवं, कारण आपल्या पक्षिगणनेतही तीच चूक होते.

अमेरिकेतली पद्धत अशी. कॅनडासाठी ब्रिटनशी झालेल्या १९१६ च्या स्थलांतरित पक्षी करारानुसार १० मार्च ते १ सप्टेंबर स्थलांतरित शिकारी पक्ष्यांना हात लावता येत नाही आणि हंगाम साडेतीन महिन्यांपेक्षा, म्हणजे १०७ दिवसांपेक्षा, लांबवता येत नाही. या चौकटीत बदकांच्या चार उड्डाणमार्गांना वेगवेगळे दिवस मिळतात. संख्या चांगली असेल तर पॅसिफिक मार्गाला १०७, मध्य मार्गाला ७४ आणि मिसिसिपी व अटलांटिक मार्गांना प्रत्येकी ६०. बदकांच्या हंगामाची शेवटची तारीख ३१ जानेवारी. राज्यांना आपले दिवस दोन-तीन तुकड्यांत विभागता येतात. किती दिवस द्यायचे, याचा आधार १९५५ पासून दर उन्हाळ्यात विमानातून होणारी प्रजननक्षेत्राची मोजणी. २०२४ मध्ये ती सुमारे ३.४ कोटी बदकांची भरली.

गोम वेळेत आहे. तारखा हंगामाच्या कित्येक महिने आधी ठरतात, त्याही आदल्या वर्षीच्या मोजणीवर. डिसेंबरात थंडीची लाट येणार की नाही, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. मग नोव्हेंबर उबदार गेला की दक्षिणेकडच्या राज्यांत हंगाम सुरू होऊन निम्मा सरतो आणि बदकं अजून हजार किलोमीटर उत्तरेला उघड्या पाण्यावर चरत असतात.

मात्र सगळी बदकं अशी थांबत नाहीत. काही जाती पंचांगावर चालतात. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीरात चरबी साठू लागते आणि गारठा पडो न पडो, त्या निघतात. आपल्याकडचं भुवई बदक यातलंच. ऑगस्टच्या अखेरीस, पाऊस चालू असतानाच ते उत्तर भारतात उतरू लागतं. दुसऱ्या गटाचं नमुनेदार उदाहरण म्हणजे मॅलार्ड. त्याला अन्न आणि उघडं पाणी मिळत असेल तर तो जागचा हलत नाही. पाणी गोठलं किंवा शेतात सांडलेलं धान्य बर्फाखाली गेलं, की मगच उठतो.

हे अंदाजाने सांगायची गरज उरलेली नाही. संशोधकांनी त्यासाठी एक साधी बेरीज बसवली आहे. दिवसाचं सरासरी तापमान घ्यायचं आणि त्याचं चिन्ह उलटं करायचं. त्यात शून्य अंश किंवा त्याखाली सलग गेलेले दिवस मिळवायचे, मग बर्फाच्या थराची इंचांतली जाडी, आणि शेवटी एक इंच किंवा जास्त बर्फ सलग किती दिवस टिकला तो आकडा. बेरीज साधारण ७.२ च्या वर गेली की त्या भागातले मॅलार्ड कमी होऊ लागतात. समजा सरासरी उणे ३ अंश, सलग ४ गोठलेले दिवस, २ इंच बर्फ आणि तो टिकलेले २ दिवस. बेरीज ११. बदकं निघाली. थंड हवेची आघाडी पुढे सरकून गेली, आकाश मोकळं झालं आणि पाठीमागून उत्तरेचा वारा सुटला, की त्या रात्री मोठे थवे हलतात, कारण पाठवाऱ्यामुळे साठवलेली चरबी पुरवून वापरता येते.

हवामान तापतं तशी ही ७.२ ची रेषा अनेकदा उशिरा ओलांडली जाते, काही ठिकाणी ओलांडलीच जात नाही. युरोपात शेंडी बदकासारख्या पाणबुड्या जातींचा हिवाळी मुक्काम तीन दशकांत ईशान्येकडे सरकला: फिनलंडमध्ये संख्या वाढली, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये घटली. जो फक्त दक्षिणेकडच्या तळ्यावर मोजतो, त्याला वाटतं बदकं संपली. ती वाटेत थांबलेली असतात. उलट टोकही आहे. ब्रिटनमध्ये कडक थंडी सलग दोन आठवडे टिकली तर शिकार थांबवण्याचा आदेश निघतो, कारण उपाशी पक्षी तेव्हा जिथे आहे तिथून उडायलाही धजत नाही.

आता तीच बेरीज ठाण्यात करून बघू. जानेवारीचं सरासरी तापमान २४ अंश धरलं तर उत्तर उणे २४. खाडी कधीच गोठत नाही, म्हणून इथे बर्फाचं गणित निरुपयोगी आहे. इथल्या बदकांचा हंगाम पाणी ठरवतं.

मुंबई परिसरातून मान्सून परतण्याची सरासरी तारीख हवामान विभागाने २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरला नेली. पाऊस लांबला आणि चांगला झाला की राजस्थान, गुजरात आणि दख्खनच्या पठारावरची तळी काठोकाठ भरतात, कच्छच्या रणात पाणी टिकतं. बदकांना वाटेतच पंगत वाढलेली मिळाली, तर ती खाडीपर्यंत यायची घाई कशाला करतील? रोहित पक्ष्यांचंही हेच. त्यामुळे खाडीवर पक्षी कमी दिसणं हे कधीकधी देशभर पाणी भरपूर असल्याचं लक्षण असतं, आणि दुष्काळी वर्षातली गर्दी आनंदाची नसते. एकाच पाणथळीच्या एकाच वर्षाच्या आकड्यावरून ‘पक्षी वाढले’ किंवा ‘घटले’ असं लिहिणं म्हणूनच चूक आहे.

ठाणे खाडीवरचं अभयारण्य २०१५ मध्ये, १,६९० हेक्टरांवर घोषित झालं. २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. पण बदकांना नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही. डोकं खाली, शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांना साधारण १० ते ३० सेंटिमीटर पाणी लागतं. थापट्या त्याहूनही उथळ पाण्यात चोचीच्या गाळणीतून चिखल गाळतो, तलवार बदकाची मान लांब म्हणून ते थोडं खोल जाऊ शकतं. नवी मुंबईतल्या तळ्यांना खाडीचं पाणी पुरवणारे नाले बुजले तर तळं सुकतं, निचऱ्याची वाट बुजली तर पाणी खोल साठतं. दोन्ही वेळा बदकं जातात, आणि दोष मात्र हवामानावर ढकलला जातो. आधी नाला बघावा, मग आकाश.

मोजणीत सर्वांत जास्त गोंधळ भरतीमुळे होतो. ओहोटीला पक्षी खाडीतल्या चिखलपट्ट्यांवर पांगतात, भरतीला आतल्या तळ्यांवर गोळा होतात. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब आजही कामाचा आहे: तिथीचा पाऊणपट. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. रोज साधारण ५० मिनिटं पुढे. ठाण्याच्या टोकाला पाणी जरा उशिराच चढतं, तेव्हा छापील कोष्टकाशी ताडून घ्यावं. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीआधी तासभर तळ्यावर पोचावं आणि पाणी उतरू लागेपर्यंत मोजावं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत चिखल पुरता बुडत नाही, पक्षी आत येतातच असं नाही. एका जानेवारीत उधाणाला आणि पुढच्या जानेवारीत भांगाला मोजलं, तर फरक बदकांचा नसून चंद्राचा निघतो. १९८७ पासून चालणारी आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीतच होते, पण तिथी दरवर्षी सरकते.

हंगामाचं दुसरं टोक, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, जास्त काळजीचं आहे. २०२३ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनच्या नोंदींत सरासरी कमाल तापमानाने सर्वांत उष्ण ठरला. तापलेल्या, आटत्या, कुजक्या पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करतात. मेलेल्या पक्ष्यावर अळ्या पडतात, विष अळ्यांत साठतं, त्या खाऊन पुढचं बदक मरतं. ही विषबाधा हंगामाच्या सुरुवातीलाही होऊ शकते. २०१९ मध्ये मान्सूनने ९ ऑक्टोबरला, नोंदींतला सर्वांत उशिरा, परतायला सुरुवात केली. त्याच नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरावर या विषबाधेने १८,००० हून अधिक पक्षी मेले.

मान टाकलेलं, पंख न उचलता येणारं बदक दिसलं तर हात लावू नये. बर्ड फ्लू आणि ही विषबाधा नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं आणि मेलेले पक्षी त्याच दिवशी उचलले जातील असं बघावं, कारण अळ्या पडल्या की साखळी सुरू झाली. वहीत जात आणि संख्येसोबत तिथी, भरतीची वेळ, पाण्याची खोली आणि नाला वाहता होता का, हे चार रकाने ठेवावेत. बदक न दिसलेल्या दिवशीही ते भरावेत आणि संख्येच्या जागी शून्य लिहावं.