किनोआच्या शेपट्या आणि रिठ्याचा फेस

"आई, यात अळ्या आहेत!" मंगळवारी रात्री साडेआठला लेकीने ताट पुढे सरकवलं, मग सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, अळ्या नाहीत गं, पण ही भगर कुठल्या दुकानातली आणलीस?

तर ती भगर नव्हती, किनोआ होता. आणि त्या पांढऱ्या शेपट्या म्हणजे त्याचा कोंब. तांदळात कोंब एका टोकाला इवलासा असतो आणि पॉलिश करताना निघूनही जातो, पण किनोआत तो दाण्याच्या कडेने गोल गुंडाळलेला असतो, शिजताना दाणा फुगला की सुटून बाहेर येतो. बरंचसं प्रोटीन त्यातच असतं, म्हणजे लेक नेमका चांगला भागच बाजूला काढत होती.

मुळात हे गवताच्या जातीचं धान्यच नाही. आपल्या चाकवताचा हा सख्खा भाऊ म्हणा, दोघांचा वंश चिनोपोडियम, आणि राजगिरा, पालक, बीट हे सगळे चुलत. मूळ गाव बोलिव्हिया-पेरूकडचा अँडीज डोंगर, तिथे हजारो वर्षं लावतात. 2013 साल युनोने किनोआ वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून आपल्याकडेही जरा जास्त दिसायला लागला.

पहिल्यांदा केला तेव्हा कडू झाला होता, कारण मी तांदळासारखा दोनदा पाणी ओतून सोडून दिला. दाण्यावर सॅपोनिन नावाची कडू, फेसाळ द्रव्यं असतात, पाखरांनी खाऊ नये म्हणून झाडाने केलेली सोय. पाण्यात चोळला की फेस येतो ना, अगदी रिठ्यासारखा, तर रिठ्यातही सॅपोनिनच असतात, एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलकटाला, म्हणून तर रिठ्याने केस स्वच्छ निघतात. फेस जाईपर्यंत चोळून धुवायचा, पाकिटावर धुतलेला लिहिलं असलं तरी. तांदळाची चाळणी चालत नाही हं, अर्धा किनोआ सिंकमध्ये जातो, पिठाची घ्या.

दुसऱ्यांदा लगदा झाला. एक वाटी किनोआला दोन वाटी पाणी हा हिशोब बरोबर आहे, पण नुसत्या किनोआचा. मी त्यातच टोमॅटो, फ्लॉवर, ढोबळी मिरची कच्ची टाकली, मीठही आधीच, मग भाज्यांनी स्वतःचं पाणी सोडलं. आता कांदा, गाजर, फरसबी तेलात मोठ्या आचेवर परतून घेते. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान शंभराच्या आसपासच अडकून राहतं आणि कांदा नुसता उकडतो, पाणी उडालं की मगच लालसर होऊन तो खमंग वास सुटतो. गाजरातलं कॅरोटीन, ज्याचं अंगात अ जीवनसत्त्व होतं, ते पण तेलातच विरघळतं, त्यामुळे तेलाला फार घाबरू नका. किनोआ वेगळा, झाकण ठेवून 15 मिनिटं मंद आचेवर, गॅस बंद करून अजून 10 मिनिटं तसाच ठेवायचा म्हणजे उरलेली वाफ दाण्यात मुरते, आणि मग दोन्ही एकत्र. लिंबू ताटात वाढल्यावर पिळायचं, क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि किनोआतलं लोह अंगी लागायला तेच मदत करतं.

प्रोटीनचा मात्र फार गाजावाजा करतात बुवा. 100 ग्रॅम कच्च्या किनोआत साधारण 14 ग्रॅम, तांदळात 7, तुरीच्या डाळीत 20 च्या वर. तांदळात लायसिन हा प्रोटीनचा एक घटक कमी पडतो आणि किनोआत ते चांगलं असतं हे खरं, पण वरण-भातात ती कसर डाळच भरून काढते. फायबर पांढऱ्या भातापेक्षा बरंच जास्त, तो फायदा खरा.

महाग आहे, त्यामुळे आमच्याकडे आठवड्यातून एकदाच. बाकी दिवशी त्याच परतलेल्या भाज्यांत भगर घालते, नाशकात ती कुठल्याही किराण्यात मिळते आणि निम्म्या वेळात शिजते, फक्त तिला शेपट्या नसतात, आणि आता लेक विचारते की आज शेपटीवाली का नाही केलीस.