कराची नऊशे किलोमीटरवर, तरी दूर

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर ऊन तापायच्या आत प्रशिक्षणाची छोटी विमानं उडायला लागतात. कुंपणापाशी शेतावर निघालेली माणसं थांबतात, शाळेची पोरं थांबतात. त्यातल्या एकाने मला मागे विचारलं होतं, “भाऊ, हाई इमान कराचीले जाई का?” अंतर मोजलं तर जाईल. धुळे ते कराची सरळ रेषेत साधारण नऊशे किलोमीटर, आणि टाकी भरलेली सेसना १७२, म्हणजे असंच एक छोटं विमान, त्याहून लांब जाते. तरी ती जात नाही. त्या पोराला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून हे लिहितो आहे.

विमान नवं होतं तेव्हा आकाश कोणाच्या मालकीचं, यावर कायदेपंडितांचं एकमत नव्हतं. समुद्रासारखं ते सगळ्यांना मोकळं असावं, असं म्हणणारेही होते. मग पहिल्या महायुद्धात वरून बॉम्ब पडले आणि तो वाद संपला. १९१९च्या पॅरिस करारात ठरलं, की ज्याची जमीन त्याचंच वरचं आकाश, पूर्णपणे. हद्दीची रेषा त्या दिवसापासून जमिनीवरून सरळ वर गेली.

तिचा फटका एकट्यादुकट्या वैमानिकाला कसा बसतो, हे मॉरिस विल्सनच्या गोष्टीत दिसतं. या इंग्रज माणसाला एव्हरेस्ट एकट्याने चढायचा होता, आणि तिथवर विमानाने पोहोचायचं होतं. विमान चालवायला तो नुकताच शिकला होता. मे १९३३मध्ये ब्रिटिश हवाई खात्याची मनाई धुडकावून तो जिप्सी मॉथ घेऊन लंडनहून निघाला. इराणवरून उडण्याची परवानगी मिळाली नाही. बहरीनला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पुढे जायला अडवलं. त्याने मागे फिरतो असं भासवलं आणि नऊ तासांहून जास्त उडत, इंधन संपत आलं असताना बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरचं ग्वादर गाठलं. तिथून तो बिहारात पूर्णियाजवळ आला. पण नेपाळ तेव्हा परक्यांना बंद होता. त्याला नेपाळवरून उडू दिलं नाही, विमानही अडकवून ठेवलं.

त्याच पूर्णियाजवळच्या लालबालू मैदानावरून, दोनच महिने आधी, ३ एप्रिल १९३३ला दोन ब्रिटिश विमानं उडाली आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून जाऊन आली. त्यांच्यामागे श्रीमंत आश्रयदाती होती, सरकार होतं, आणि नेपाळ दरबाराची परवानगीही. मैदान तेच, डोंगर तोच. विल्सनकडे कागद नव्हता. शेवटी तो वेशांतर करून पायी तिबेटात शिरला आणि १९३४मध्ये एव्हरेस्टच्या उतारावर मेला. त्याचा बेत वेडाच होता, पण त्याची गोष्ट वाचताना माझा जीव त्याच्याकडे ओढला जातो.

७ डिसेंबर १९४४ला शिकागोत नवा करार झाला. आजचं सगळं नागरी उड्डाण त्यावर उभं आहे. त्याचं पाचवं कलम वाचलं तर छोट्या विमानवाल्याला आनंद व्हावा. वेळापत्रकाबाहेरच्या खासगी विमानाला करारातल्या दुसऱ्या देशात आगाऊ परवानगीशिवाय जाता येईल, असं ते सांगतं. पण व्यवहारात बहुतेक देश आधी परवाना मागतात, भारतही मागतो. जिथं राज्यकर्त्यांना बाहेरच्या नजरेची भीती असते, तिथं तो परवाना जवळपास अशक्य होतो.

न विचारता घुसणारेही झाले. २८ मे १९८७ला १८ वर्षांचा जर्मन मुलगा माथियास रुस्ट सेसना १७२ घेऊन हेलसिंकीहून उडाला आणि मॉस्कोत क्रेमलिनच्या शेजारी उतरला. सोव्हिएत लढाऊ विमानांनी त्याला वाटेत पाहिलं होतं, पण गोळी झाडली नाही. चार वर्षं आधी याच देशाने वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं आणि २६९ माणसं मेली होती. त्या घटनेनंतर १९८४मध्ये शिकागो करारात सुधारणा मंजूर झाली, की उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये. ती अमलात यायला १९९८ उजाडलं.

त्या मधल्या वर्षांत काय झालं, ते विसरता येत नाही. सप्टेंबर १९९५मध्ये आंतरराष्ट्रीय शर्यतीतला, माणसं बसलेला एक फुगा बेलारूसच्या हेलिकॉप्टरने पाडला, दोन अमेरिकन मेले. शर्यतीची सूचना आयोजकांनी त्या देशाला आधीच दिली होती. फेब्रुवारी १९९६मध्ये क्युबाच्या लढाऊ विमानांनी मायामीतल्या क्युबन निर्वासितांच्या संघटनेची दोन छोटी सेसना पाडली, चौघे गेले. त्या संघटनेच्या विमानांनी आधी क्युबाची हद्द ओलांडली होती, हे खरं. पण ही दोन पडली ती आंतरराष्ट्रीय पाण्यावर, असा निष्कर्ष जागतिक नागरी उड्डाण संघटनेच्या चौकशीत निघाला. निःशस्त्र विमानावर गोळी झाडण्याचं कोणतंही समर्थन मला पटत नाही.

आपल्याकडे आता देशातल्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावी उडायलाही वैमानिक फ्लाइट प्लॅन भरतो, हवाई दलाकडून एडीसी, म्हणजे हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा, क्रमांक घेतो, उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी क्रमांक घेतो. हद्दीपलीकडे जायचं तर दुसऱ्या देशाचा परवाना हवाच, आणि उतरायचं ते कस्टम असलेल्या विमानतळावरच. पाकिस्तानच्या बाबतीत तर कधीकधी आकाशच बंद केलं जातं. २०१९मध्ये बालाकोटनंतर काही महिने झालं, आणि एप्रिल २०२५मध्ये पहलगामनंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा बंद केलं.

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा टपाल घेऊन एकटेच पस मॉथ विमानातून कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. मधे हद्दच नव्हती. २०२१मध्ये त्याच तारखेला आरोही पंडित या मुंबईच्या वैमानिकेने ते उड्डाण छोट्या विमानातून पुन्हा केलं. ती भुजहून निघाली.