सिट्रुलीन पूरक आणि नायट्रिक ऑक्साइड

सिट्रुलीन हे शरीरातच तयार होणारे अमिनो आम्ल आहे. प्रथिनांच्या घडणीत मात्र त्याचा वापर होत नाही. १९१४ मध्ये जपानी संशोधकांनी ते कलिंगडाच्या रसातून वेगळे केले. आज त्याची भुकटी आणि कॅप्सूल घेतल्या जातात त्या मुख्यतः शरीरातील नायट्रिक ऑक्साइड वाढावे या अपेक्षेने.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशी तो सतत बनवत असतात आणि तो जेमतेम काही सेकंद टिकतो. तेवढ्या अवधीत तो शेजारच्या स्नायुपेशीत शिरतो, तिथे सीजीएमपी हा रेणू वाढतो, स्नायू सैलावतो आणि रक्तवाहिनी रुंदावते. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीवर प्रयोग करून दाखवले, की अस्तर खरवडून काढले तर एरवी वाहिनी सैल करणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन देऊनही ती सैलावत नाही. अस्तरातून सुटणारा तो अज्ञात पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. या शोधासाठी फर्चगॉट, लुईस इग्नॅरो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा वायू आर्जिनीन या अमिनो आम्लापासून बनतो. नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे विकर (एन्झाइम) आर्जिनीन आणि ऑक्सिजन वापरते. त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि सिट्रुलीन उरते. मग कच्चा माल आर्जिनीन असताना सिट्रुलीन का घ्यायचे? कारण तोंडाने घेतलेल्या आर्जिनीनचा बराच भाग रक्तात पोहोचण्याआधीच आतड्यात आणि यकृतात आर्जिनेज या विकराच्या तावडीत सापडून नष्ट होतो. सिट्रुलीनवर आर्जिनेजची मात्रा चालत नाही. ते यकृत ओलांडून मूत्रपिंडात जाते आणि तिथे त्याचे आर्जिनीन होते. म्हणूनच सारख्या मात्रेत दिल्यास सिट्रुलीनने रक्तातले आर्जिनीन अधिक वाढते. पोटालाही ते सोसते. आर्जिनीनच्या मोठ्या मात्रेने मळमळ आणि जुलाब होतात.

खरी गुंतागुंत यापुढे आहे. सिंथेज विकराला लागते त्याहून कितीतरी जास्त आर्जिनीन पेशीत एरवीही असते. हिशेबाने पाहता, बाहेरून दिलेल्या आर्जिनीनचा काहीच उपयोग व्हायला नको; तरी काही व्यक्तींत रक्तवाहिन्या अधिक रुंदावतात. याला ‘आर्जिनीन विरोधाभास’ म्हणतात. एक स्पष्टीकरण एडीएमए या रेणूचे आहे. विकरावरची जागा मिळवण्यासाठी तो आर्जिनीनशी स्पर्धा करतो. तो वाढलेला असेल तर जादा आर्जिनीन त्याला मागे सारते. दुसरे असे, की पेशीतले सगळे आर्जिनीन विकराच्या हाताशी नसते. आणि टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा विकराच्या कामाला लागणारा सहघटक कमी पडला, तर हेच विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड हा घातक मूलक तयार करू लागते. अशा वेळी कच्चा माल वाढवून दोष दूर होत नाही.

त्यामुळे पूरकाने आर्जिनीन वाढले, म्हणून नायट्रिक ऑक्साइडही तेवढेच वाढले, असे गृहीत धरणे चूक आहे. अल्पजीवी असल्याने हा वायू रक्तात थेट मोजणेही अवघड. या वायूपासून बनणारी रक्तातील नायट्राइट-नायट्रेट संयुगे किंवा धमनीचे रुंदावणे यांवरून अंदाज बांधतात आणि पालेभाज्यांतले नायट्रेट तो अंदाज बिघडवू शकते. निरोगी, तरुण व्यक्तींत परिणाम बहुधा किरकोळ असतो. रक्तदाब काही अभ्यासांत थोडा उतरला, काहींत मुळीच नाही. व्यायामाच्या क्षमतेबाबतचे निष्कर्षही असेच संमिश्र आहेत.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांबाबत एक निष्कर्ष गंभीर आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५३ रुग्णांच्या चाचणीत आर्जिनीन घेणाऱ्या गटात ६ मृत्यू झाले, प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) घेणाऱ्या गटात एकही नाही. चाचणीत नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. ती चाचणी सिट्रुलीनची नव्हती, पण सिट्रुलीनचेही शेवटी आर्जिनीनच होते. नायट्रोग्लिसरीनसारखी नायट्रेट औषधे, सिल्डेनाफिल (लिंगाच्या ताठरतेसाठीचे औषध) किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर हे पूरक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ही औषधेही वाहिन्या रुंदावतात किंवा रक्तदाब उतरवतात, आणि एकत्रित परिणामाने तो धोक्याच्या पातळीपर्यंत घसरू शकतो.