खाटेवरून उठवण्याचा इतिहास

वृद्धाश्रमात गेल्यावर आठवड्याभरातच आत्या बाथरूमच्या दाराशी घसरली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर तिला खाटेवरून खाली उतरू दिलं नाही. "आजी, पडाल, झोपून राहा," असं तिथल्या मावशी मायेनंच सांगायच्या. दोन महिन्यांत तिच्या मांड्या काडीसारख्या झाल्या, माकडहाडापाशी जखम झाली. वेळेवर जेवण, धुतलेली चादर, सगळं होतं. तरी ती खंगत गेली.

म्हातारपण म्हणजे खाट, ही समजूत फार जुनी आहे. ती पहिल्यांदा नेटानं मोडून काढली मार्जरी वॉरन यांनी. या मूळच्या शल्यचिकित्सक. 1935 साली लंडनच्या पश्चिमेकडच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारचं गरिबांचं जुनं रुग्णालय आलं आणि तिथल्या 714 खाटांची जबाबदारी त्यांच्यावर पडली. वर्षानुवर्षं पडून असलेली ही माणसं. बऱ्याच जणांचं निदानच झालेलं नव्हतं. 'असाध्य' एवढा शिक्का पुरेसा होता.

वॉरन यांनी एकेकाला नीट तपासलं. कुणाला पक्षाघात, कुणाचे सांधे आखडलेले, कुणी नुसतंच पडून राहून दुबळं झालेलं. मग वॉर्डात उजेड वाढवला, भिंती रंगवल्या, धरायला कठडे लावले आणि रुग्णांना उठवून बसवायला, चालवायला सुरुवात केली. कितीतरी जण पुन्हा पायांवर उभे राहिले, काही घरी गेले. मला यातलं सर्वांत मोठं काम तपासण्याचं वाटतं, कारण तपासायचं म्हणजे या माणसात अजून सुधारणा होऊ शकते हे आधी मानावं लागतं. 1943 साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून वृद्धांच्या उपचारांसाठी स्वतंत्र शाखा हवी, अशी मागणी केली.

आपल्याकडे ही शाखा 1978 साली मद्रासच्या सरकारी रुग्णालयात सुरू झाली. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम यायला 2010 उजाडलं. त्याआधी, 2007 साली, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम सरकारला काढता येईल, असं त्यात म्हटलं आहे. रहिवाशांच्या वैद्यकीय सेवेचा आणि करमणुकीच्या साधनांचाही उल्लेख आहे. पण जागा मोजणं सोपं असतं. रोज किती जणांना उठवून चालवलं, हे मोजायला माणसं लागतात, आणि दहा-बारा आज्यांमागे एकच मावशी असेल तर 'झोपून राहा' हेच तिच्या तोंडी येणार. दोष तिचा नाही.

आत्याला आम्ही दुसरीकडे हलवलं. तिथे पहिल्या दिवशी तिला खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं, तिसऱ्या दिवशी वॉकर दिला. चालायला चपला हव्या होत्या. त्या सापडल्या तिच्या पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात बांधून ठेवलेल्या.