‘नुकतंच’ लिहिलंय म्हणजे ताजं?

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक समज पक्का आहे: मेसेजची सुरुवात ‘ब्रेकिंग’, ‘जस्ट इन’ किंवा ‘अ रीसेंट स्टडी सेज’ अशी असेल, तर माहिती ताजीच.

तसं नसतं. हे शब्द ज्या दिवशी लिहिले, त्या दिवसापुरतेच खरे असतात. मजकूर पुढे वर्षानुवर्षं फिरतो, ‘रीसेंट’ मात्र तसंच राहतं. शेजारी दिसणारी वेळ मेसेज ग्रुपवर कधी आला ते सांगते, कधी लिहिला ते नाही. म्हणून फसगत होणं अगदी स्वाभाविक आहे.

आधी मेसेजच्या वर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’चा दुहेरी बाण आहे का पाहा. तो असेल तर मेसेज मूळ माणसापासून किमान पाच हात फिरून आलाय. मग तारीख-वार जुळवा. ‘शुक्रवार, 13 ऑगस्टला घोडबंदर पट्ट्यात पाणी बंद’ असा मेसेज समजा. 13 ऑगस्टला शुक्रवार 2010 मध्ये होता, 2021 मध्ये होता, पुन्हा 2027 मध्ये येईल. मधल्या कुठल्याच वर्षी नाही. नुसताच ‘येत्या शुक्रवारी’ असेल तर पाठवणाऱ्याला तारीख विचारा. पिंपं भरून ठेवण्याआधी एवढं कराच.

‘स्टडी’चा दाखला असेल तर त्यातलं एक सलग वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधा. कॉम्प्युटरवर ‘टूल्स’मधून तारखांची मर्यादा दोन वर्षांपूर्वीपर्यंतची लावा. तेच वाक्य तिथेही सापडलं, तर ते ताजं नाही. पानावरची ‘अपडेटेड’ तारीख मात्र धरू नका, ती किरकोळ दुरुस्तीनेही बदलते.