पुठ्ठाकाम (खानदेश)

पुठ्ठाकाम : खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा, पुस्तकबांधणीचा जाड पुठ्ठा, कागदी नळ्या आणि कागदाचा लगदा यांपासून बसण्याच्या, सामान ठेवण्याच्या व सजावटीच्या टिकाऊ वस्तू करण्याचे कसब. स्टूल, चौरंग, पुस्तकांची मांडणी, लहान मुलांची टेबल-खुर्ची, मखर, डबे, दुरड्या हे सारे त्यात येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात या कामाला माल मुबलक मिळतो आणि उन्हाळा फार अनुकूल असतो. पावसाळा मात्र तितकाच वैरी. म्हणून इथे पुठ्ठाकाम करणाऱ्याला पुठ्ठ्याइतकीच हवेची पारख लागते.

खानदेशाचे कागदाशी नाते जुने आहे. एरंडोल आणि यावल ही गावे एके काळी हाताने केलेल्या जाडसर देशी कागदासाठी प्रसिद्ध होती आणि एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरांत तशी नोंद आहे. गिरणीच्या कागदापुढे तो धंदा टिकला नाही. घराघरांतले लगद्याचे काम मात्र टिकले. जुन्या वह्या आणि रद्दी दोन-तीन दिवस भिजत घालायची, पाणी पिळून काढायचे, लगदा उखळात कुटायचा किंवा पाट्यावर वाटायचा आणि त्यात भिजवलेल्या मेथ्यांचे वाटण मिसळायचे. मेथीच्या बुळबुळीत चिकामुळे लगदा एकजीव होतो, वाळला की कडक होतो आणि तिच्या कडूपणामुळे किडे लवकर फिरकत नाहीत. हा लगदा पालथ्या पातेल्यावर थापला की दुरडी होते. विरलेल्या सुपाला किंवा बांबूच्या टोपलीला लिंपला की तिच्या फटी बुजतात आणि पीठही गळत नाही. हे काम उन्हाळ्यातले. धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर) किंवा गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कुरडया वाळत असतात, त्यांच्याच शेजारी लगद्याची दुरडी पालथी पडलेली असते. पुठ्ठाकामाचे पहिले दोन धडे, म्हणजे चिकट खळ आणि कडक ऊन, खानदेशातल्या बायकांनी असे पिढ्यान्‌पिढ्या गिरवलेले आहेत.

पुठ्ठ्याची रचना आणि ताकद

पन्हळी पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांच्या मध्ये चिकटवलेला लाटांचा कागद. इंग्लंडमध्ये १८५६ साली त्याचे पहिले पेटंट निघाले ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स याने १८७१ मध्ये बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला तो वापरला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने लाटांना सपाट कागदाचा आधार दिला आणि आजचा पुठ्ठा तयार झाला. बाजारात तो कागदाच्या थरांच्या संख्येवरून तीन प्लाय, पाच प्लाय, सात प्लाय अशा नावांनी ओळखला जातो. लाटेला धंद्यात ‘फ्लूट’ म्हणतात. ‘बी’ फ्लूट साधारण ३ मिलिमीटर उंच, ‘सी’ फ्लूट ४ मिलिमीटर. दोन्ही असलेला पाच प्लाय पुठ्ठा सुमारे ७ मिलिमीटर जाड भरतो.

पुठ्ठ्याची ताकद त्याच्या उभ्या कडेत असते. पन्हळी उभ्या राहतील असा तुकडा धरला तर प्रत्येक पन्हळ एकेका बारीक खांबासारखी वजन झेलते. तोच तुकडा आडवा करून त्यावर बोट दाबले तर लाट चेपते आणि एकदा चेपलेली लाट पुन्हा उठत नाही. घरी केलेले स्टूल आठ दिवसांत बसते तेव्हा बहुतेक वेळा दोष पुठ्ठ्याचा नसतो. पन्हळींची दिशा न पाहता कापलेले असते, एवढेच.

अमेरिकेतल्या मालवाहतुकीत सर्रास चालणाऱ्या तीन प्लाय पुठ्ठ्याची उभी कड इंचाला ३२ पौंड, म्हणजे सेंटीमीटरला साधारण ५.७ किलो दाब सोसते. ३० सेंटीमीटर रुंदीच्या सहा उभ्या फळ्या एकमेकींत अडकवून स्टूल केले तर १८० सेंटीमीटर कड मिळते, आणि कागदावरच्या गणिताने ती हजार किलोंहून जास्त वजन पेलायला हवी. प्रत्यक्षात त्याचा पाचवा हिस्सा धरावा. माणूस सरळ खाली बसत नाही, तो एका कडेवर रेलतो. उंच फळी चेपण्याआधीच मधून वाकते. सतत वजन राहिले तर कागद हळूहळू हार मानतो. वापरलेल्या खोक्याचा दर्जाही निश्चित नसतो. इतके सगळे वजा करूनही दोनशे किलो उरतात, आणि घरच्या स्टुलाला तेवढे पुष्कळ झाले.

खानदेशात मिळणारा माल

रावेर, यावल आणि चोपडा हा केळीचा पट्टा. निर्यातीची केळी साधारण तेरा किलोंच्या खोक्यांत भरतात आणि ही खोकी आठ-नऊ थरांपर्यंत एकावर एक रचली जातात. खोक्याचे झाकण तळापर्यंत उतरते, त्यामुळे भिंत दुहेरी होते. तळाच्या खोक्याला वरचा सारा भार दिवसचे दिवस आणि शीतगृहाच्या ओलसर हवेत पेलायचा असतो. असे खोके हाती लागले तर सोडू नये. त्याला हवेसाठी भोके असतात. ती मधोमध येणार नाहीत अशा बेताने फळ्या आखाव्यात.

किराणा दुकानातली बिस्किटांची खोकी पातळ असतात, ती अस्तराला ठीक. खाद्यतेलाची खोकी बळकट, पण तेल झिरपलेला भाग कापून टाकावा, कारण तिथे खळ धरत नाही. फ्रिज, कूलर आणि पाणबुडी मोटारींची खोकी सर्वांत उत्तम : मोठे, बिनघडीचे, जाड ताव मिळतात. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे रोलच्या आतल्या जाड कागदी नळ्या उरतात. कापडाच्या दुकानातही अशा नळ्या सापडतात. टेबलाच्या पायांसाठी त्या घडीच्या पुठ्ठ्यापेक्षा सरस ठरतात, कारण नळी कोणत्याही बाजूने सारखीच ताठ असते. खोके निवडताना कोपऱ्याजवळ अंगठ्याने दाबून पाहावे. मऊ लागले, की ते एकदा तरी भिजून वाळलेले आहे असे समजावे आणि रद्दीवाल्याकडेच ठेवावे.

स्टूल : काम जवळून

सहा फळ्या, प्रत्येक ३० सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच, पन्हळी उभ्या. प्रत्येक फळीत तीन खाचा निम्म्या उंचीपर्यंत, म्हणजे २० सेंटीमीटर. तीन फळ्यांत वरून आणि तीन फळ्यांत खालून. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा केसभर कमी ठेवावी. फळ्या एकमेकींत हाताने दाबून उतरवताना ‘करकर’ असा आवाज यायला हवा. आवाज न करता सरकली तर खाच सैल आहे आणि स्टूल डुगडुगणार.

कापणे हा या कामाचा गाभा आहे. कटरचे पाते नवे असावे आणि एका फळीला तीन फेऱ्या द्याव्यात : पहिलीत वरचा कागद, दुसरीत लाट, तिसरीत खालचा कागद. एकाच दमात कापायला गेले की बोथट पाते लाटेला खाली दाबत जाते. कड वरून सरळ दिसते, पण तिच्या आतले खांब मोडलेले असतात. कापलेली कड डोळ्यांसमोर धरून पाहावी. पन्हळींची गोल तोंडे उघडी दिसली तर फळी चांगली, मिटलेली दिसली तर ती बाजूला ठेवून दुसरी कापावी. पुठ्ठा फुकटचा आहे, तिथे कंजुशी करू नये.

बैठकीसाठी चार थर चिकटवतात आणि प्लायवूडप्रमाणे प्रत्येक थराच्या पन्हळी आधीच्या थराला आडव्या ठेवतात. खोक्याची छापील, चकचकीत बाजू आधी पॉलिश पेपरने घासून घ्यावी. थर चिकटवल्यावर वर दळणाचा डबा किंवा विटा ठेवून रात्रभर दाबून ठेवावे. शेवटी सर्व उघड्या कडांवर आधी कागदाच्या आणि मग जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या चिकटवतात. धोतर किंवा नऊवारी लुगड्याचे विरलेले सुती कापड कोपऱ्यांवर इतके छान बसते की बाजारातली टेप त्यापुढे काहीच नाही. कडा बंद केल्या म्हणजे ओल आणि किडे दोघांचीही मुख्य वाट बंद होते.

खळ, ओल आणि कूलर

पुठ्ठ्याचे थर कारखान्यात स्टार्चच्या खळीने चिकटवतात. कच्चा स्टार्च, कॉस्टिक सोडा आणि टाकणखार (बोरॅक्स) यांच्या मिश्रणातून ती खळ होते आणि स्टार्च बहुधा मक्याचा असतो. खानदेशात मका पुष्कळ पिकतो, दोंडाईच्याला त्यापासून स्टार्च करणारा कारखानाही आहे. ही खळ वाळली की घट्ट, पण पाणी लागले की पुन्हा सुटते. पावसात राहिलेल्या खोक्याचे थर पानांसारखे वेगळे होतात ते म्हणूनच.

ओलीचा परिणाम पाणी न लागताही होतो. कागद हवेतला दमटपणा शोषतो, आणि हवा फार दमट असेल तर पुठ्ठ्याची दाब सोसण्याची शक्ती निम्म्यावर येते. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. खळ लावण्यासाठी आणि थर दाबून वाळवण्यासाठी याहून चांगला काळ नाही. जुलैमध्ये तेच काम केले तर आठवडाभर आतून ओल जात नाही आणि पुढे बुरशीचा वास येतो.

पण उन्हाळ्यातही एक शत्रू घरातच असतो, तो म्हणजे कूलर. भुसावळ-जळगावकडे कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि कूलर पाण्यावरून वारा घेत असल्याने खोलीची हवा पावसाळ्यासारखी करून टाकतो. त्याच्या झोतात ठेवलेली पुठ्ठ्याची मांडणी भर मे महिन्यात फुगते, आणि घरच्यांना कारण कळत नाही. ती झोताच्या बाहेर, भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून थोडी उचलून ठेवावी. तळाला रबरी बुचे किंवा फरशीचे तुकडे लावले की पोछ्याचे पाणी चढत नाही. बाहेरून पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात, त्यावर चपडीचे पॉलिश किंवा तेलरंग दिला तर ओल बरीच रोखली जाते. लेप आतून-बाहेरून सारखा द्यावा. एकाच बाजूला दिला तर फळी वाकते.

वाळवीला पुठ्ठा म्हणजे शिजवून ठेवलेले अन्न. जुने बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालत. उपाय गुणकारी आहे, पण मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खेळण्यांत आणि खाण्याच्या वस्तू ठेवायच्या डब्यांत ती कधीही घालू नये. मातीच्या भिंतींच्या घरात पुठ्ठ्याचे फर्निचर भिंतीला टेकवणे म्हणजे वाळवीला आवतण.

सण आणि मखर

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठ्याकडे लोक नव्याने वळले. खानदेशात त्याआधी कानबाई या देवीच्या सणाचे वेध लागतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्र जागवली जाते आणि दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने विसर्जन होते. तिच्या सजावटीला पुठ्ठा लावायचा तर हवा पूर्ण ओली असते, पण टिकायचे असते एकच रात्र. अशा कामाला रंगापेक्षा मागच्या बाजूचे बांबूच्या कामट्यांचे आडवे-उभे आधार महत्त्वाचे. दिवा मात्र मखरापासून हातभर लांबच हवा.

जगातले नमुने

डिझायनर पीटर राके याने १९६७ मध्ये जर्मनीत पुठ्ठ्याच्या घडीची खुर्ची बाजारात आणली. वास्तुकार फ्रँक गेहरी याची १९७२ ची नागमोडी खुर्ची पुठ्ठ्याचे अनेक थर कडेवर उभे चिकटवून केलेली आहे. वर सांगितलेले उभ्या कडेचे तत्त्व इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी वस्तू नाही. जपानचा वास्तुकार शिगेरू बान कागदी नळ्यांची घरे बांधतो. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर त्याने ती उभारली आणि २००१ च्या भूकंपानंतर आपल्या शेजारच्या गुजरातेत, भुजलाही. त्याला २०१४ मध्ये वास्तुकलेतले प्रित्झकर पारितोषिक मिळाले. टोकियो ऑलिंपिकमधल्या खेळाडूंना २०२१ मध्ये दिलेल्या पुठ्ठ्याच्या पलंगांची क्षमता २०० किलो होती.

मर्यादा

मोरीजवळ, ओट्याखाली, उघड्या ओसरीवर पुठ्ठा वापरू नये. कपाटाच्या दारांना बिजागरी स्क्रूने लावू नये. ती कापडाची करावी, कारण पुठ्ठ्यात स्क्रू धरत नाही. पुस्तकांच्या मांडणीचा कप्पा ४५ सेंटीमीटरपेक्षा लांब केला तर मधोमध झोल पडतो, मग खाली एक उभी फळी द्यावीच लागते. सातपुड्यातल्या अक्राणी-अक्कलकुवा भागात पाऊस जास्त असल्याने तिथे मोठे फर्निचर करण्यापेक्षा लगद्याच्या आणि जाड पुठ्ठ्याच्या लहान वस्तू कराव्यात.

खळीने चिकटवलेले, रंग न दिलेले स्टूल मोडले तर थेट रद्दीत जाते आणि त्याचा पुन्हा कागद होतो. तेलरंग दिलेला भाग रद्दीवाला घेत नाही. तो सोलून वेगळा काढावा आणि आतला पुठ्ठा तुकडे करून भिजत घालावा. दोन दिवसांनी तो उखळात कुटला, वाटलेल्या मेथ्या मिसळल्या, की घरातल्या विरलेल्या सुपाला लिंपण्यापुरता लगदा सहज निघतो.