सरकारने अंग काढून घेतल्यावर दाव्याचे सील का उघडते

अमेरिकी यादवी युद्धात ठेकेदार सैन्याला निकृष्ट माल पुरवून गबर होत होते. २ मार्च १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी सरकारला खोटी बिले देऊन फसवणाऱ्यांविरुद्धच्या फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टवर सही केली, ती याच लुटीला आवर घालण्यासाठी. जागल्याने, म्हणजे फसवणूक उघड करणाऱ्याने, सरकारच्या वतीने दावा लावायचा आणि वसुलीतला निम्मा वाटा घ्यायचा. सील नव्हते, म्हणजे दावा गुप्त ठेवला जात नव्हता; तो पहिल्या दिवसापासून उघड.

दुसऱ्या महायुद्धात लोक सरकारी आरोपपत्रांची नक्कल करून दावे लावू लागले. १९४३ साली सुप्रीम कोर्टाने मार्कस विरुद्ध हेस खटल्यात असा दावाही ग्राह्य धरला. अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) त्याच वर्षी जागल्याचा वाटा घटवला आणि सरकारला आधीच ठाऊक असलेल्या माहितीवर दावे लावायला बंदी केली. खरी माहिती देणाराही त्यात भरडला गेला. पुढे चार दशके कायदा जवळपास निजूनच होता.

सील आले ते १९८६ च्या दुरुस्तीत. दावा उघड झाला तर संशयिताला तपासाची कुणकुण लागते, ही सरकारची धास्ती होती. म्हणून दावा सीलबंद दाखल करायचा, त्याची प्रत पुराव्याच्या लेखी निवेदनासह सरकारला द्यायची आणि प्रतिवादीला काहीच कळवायचे नाही. सीलची मुदत ६० दिवसांची, पण ती वाढवून घेता येते. तपास वर्षानुवर्षे चालतो.

सरकारने हस्तक्षेपाला, म्हणजे दावा स्वतः हाती घ्यायला, नकार दिला की सीलचे हे कारणच संपते. नकाराच्या नोटिशीला सरकारी वकील बहुधा आदेशाचा तयार मसुदा जोडतात. त्यात बारकाईने पाहा: उघडतात ती फिर्याद, नकाराची नोटीस, तो आदेश आणि त्यापुढची कागदपत्रे. मुदतवाढीचे अर्ज सहसा बंदच राहतात, कारण त्यात तपासाची पद्धत दिसते. दावा मागे घेताना किंवा तडजोड करताना सरकारची लेखी संमती लागते. सबळ कारण दाखवून सरकार पुढेही खटल्यात उतरू शकते.

इथून भार जागल्यावर. न्यायालयाने सील काढून समन्स बजावायला सांगितले की सर्वसाधारणपणे ९० दिवसांत ते बजावायचे. त्यानंतरचा मोठा धोका म्हणजे केंद्रीय दिवाणी प्रक्रियेचा नियम ९(ब): फसवणूक कोणी, केव्हा, कोणत्या बिलातून केली याचा तपशील फिर्यादीत नसेल तर ती फेटाळली जाते. जागल्याला फसवणुकीची अंतर्गत योजना ठाऊक असते, पण सरकारला गेलेले प्रत्यक्ष बिल हाती नसते. अनेक दावे इथेच पडतात. शिवाय दावा मागे घेतला तरी जागल्याचे नाव झाकलेले राहील या भरवशावर कोणी राहू नये; न्यायालये अशी विनंती सहसा मान्य करत नाहीत.

नकार म्हणजे दावा पोकळ, असे मुळीच नाही. बायोजेन या औषध कंपनीविरुद्धचा २०१२ चा दावा सरकारने हाती घेतला नव्हता. माजी कर्मचाऱ्याने तो एकट्याने चालवला आणि २०२२ मध्ये ९० कोटी डॉलरवर तडजोड झाली. सरकारने दावा चालवला तर जागल्याला १५ ते २५ टक्के मिळतात, स्वतः चालवला तर २५ ते ३०. बायोजेनच्या त्या माजी कर्मचाऱ्याला केंद्र सरकारच्या वसुलीतले सुमारे २९.६ टक्के मिळाले.